तीनशे नव्वद फूट दरजा

९ जानेवारी, गुरुवार

शिवानीने बँकेची डायरी दिली आहे. म्हणाली, "अप्पा, मनातलं यात लिहीत जा, आईवर काढू नका." लातूरला बँकेत नोकरी लागल्यापासून पोरगी बापाला सल्ले द्यायला लागली आहे. छत्तीस वर्षं मी झेडपीच्या शाळेत गणित शिकवलं. मनात येईल ते तोंडावर सांगायची मला सवय आहे, वहीत लपवायची नाही. तरी लिहितो. डायरी फुकट आहे आणि वेळही.

आज शिवानीच्या आईला, इरम्माला, सोलापूरला दाखवून आणलं. खुब्याचं हाड बसलंय. डॉक्टर म्हणाले, आता रोज वॉकर घेऊन सपाट जागेवर चालवा. सत्तावीस फेब्रुवारीला परत बोलावलंय, तोवर एका दमात शंभर पावलं झाली पाहिजेत. नाहीतर पाय आखडेल आणि बाई कॉटला खिळून राहील ती राहीलच.

सपाट जागा कुठून आणू? घरात दोन खोल्या, त्यात कॉट आणि कोठ्या. बाहेर गल्लीत गटार. राहिलं अंगण. आणि अंगणात फरशांच्या मधल्या त्या दरजा.

पंचवीस नोव्हेंबरला, सोमवारी, ती पडली ती दरजेमुळेच. बेलाच्या कट्ट्याजवळ दोन फरशांमधली फट तीन बोटं खोल झाली होती. मी पडवीत पेपर घेऊन बसलो होतो. चहा आला नव्हता. हाक मारली, ओ नाही. पुन्हा मारली, ओ नाही. तिसऱ्यांदा जरा जोरात मारली आणि धप्प आवाज आला. जाऊन बघतो तर ही आडवी आणि पीठ-साखरेची वाटी कुठल्या कुठं. दर सोमवारी मुंग्यांना पीठ-साखर घालायची ही तिच्या माहेरची, आळंदकडची रीत. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, एक सोमवार चुकला नसेल. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती फट भरलेली असती तर तिचा अंगठा अडकला नसता, खुबा मोडला नसता.

चार वर्षांपूर्वी या दरजा धनाजीने भरल्या होत्या. गावातला गवंडी. माझाच विद्यार्थी. त्याला सोडणार नाही.

११ जानेवारी, शनिवार

धनाजीला स्टँडसमोरच्या हॉटेलात गाठलं. मुद्दाम तिथंच गाठलं, दहा माणसं असतात.

म्हणालो, "काय भरलं होतंस रे माझ्या अंगणात? राख?"

तो उभा राहिला. "न्हाय गुरुजी. एकास तीन माल हुता, शिमिटाला तिप्पट वाळू."

"एकास तीन तुला सातवीत कळलं नाही. आता कळायला लागलं व्हय?"

माणसं हसली. हा मात्र शांत. म्हणतो, "वरचा माल चांगला हुता गुरुजी. खालची वाळू मुंग्यांनी काढली. काकू तिथंच साखर घालत्यात, मग मुंग्या तिथंच घर करणार. खालून पोकळ झालं की वरचं निघून जातंय. म्या उद्या येतो, परत भरून देतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचं पाप मुंग्यांवर ढकलतोय. म्हणालो, "माझ्या बायकोला तू लंगडी केलीस. माझ्या अंगणात परत पाय ठेवायचा नाही." अर्धा चहा तसाच ठेवून तो निघून गेला. बोलायला तोंड कुठं होतं त्याला?

घरी येऊन इरम्माला सांगितलं, चांगला धुतला त्याला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "त्याला कशाला बोललात." हिला सगळ्या जगाची दया.

दरजा आता मीच भरणार.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घेऊन बायका आल्या. आलेली प्रत्येक बाई विचारते, कसं पडलात हो काकू. ही प्रत्येकीला म्हणते, "पडले बाई." एवढंच. मग मी प्रत्येकीला अंगणात नेऊन दरज दाखवतो. सात बायकांना दाखवली. कुणाला तरी सांगायला नको का?

१७ जानेवारी, शुक्रवार

काम सुरू केलं. आधी हिशेब मांडला. शहाबादी फरशी दोन बाय दोनची. लांबीत बारा, रुंदीत नऊ, एकूण एकशे आठ. मधल्या दरजा धरल्या तर तीनशे नव्वद फूट भरतात. एवढ्या दरजांचा जुना माल छिन्नीने उकरायचा, झाडून काढायचा आणि नवा भरायचा. दिवसाला चाळीस फूट धरले तर दहा दिवस. गवंडी लोक उगाच कामाचा बाऊ करतात.

आज अकरा फूट झाले. अंगठ्यावर हातोडी बसली. नख काळं पडलंय. चष्म्यावर धूळ बसते, पुसायला फडकं सापडत नाही. तीनदा इरम्माला हाक मारून विचारलं, फडकं कुठंय. चौथ्यांदा ती कॉटवर उठून बसायला लागली. ओरडलो, "तू कशाला उठतीस? तोंडानं सांगता येत न्हाय?" साधं सांगायचं तर उठायला बघते. हाड परत सरकलं म्हणजे?

उकरलेल्या प्रत्येक दरजेत मुंग्या आहेत. बेलाजवळ तर खाली अख्खं गाव वसलंय. धनाजीचं बोलणं खरं असेल असं मात्र मी म्हणणार नाही.

कॉट खिडकीशी आहे. संध्याकाळी ती खिडकीतून म्हणाली, "अहो, बेलाजवळची तेवढी राहू द्या."

"जिच्यामुळं पडलीस तीच राहू देऊ?"

तिने खिडकी लोटून घेतली.

२७ जानेवारी, सोमवार

दहा दिवस काही लिहिलं नाही. हात थापी धरून असे आखडतात की पेन धरवत नाही. उकरून झालं. माल भरायला घेतला, एकास तीन मोजून. बेलाजवळची दरज सगळ्यात आधी भरली, ठासून. पीठ-साखरेची वाटी तिने उशाशी ठेवली होती. म्हणाली, आज सोमवार आहे, तुम्ही तरी घाला. म्हटलं, आता मुंग्याही नाहीत आणि साखरही नाही. त्या मुंग्यांनीच तर तुला पाडलं.

लिहून झाल्यावर वाचलं. वर मी धनाजीने पाडलं असं लिहिलंय. असो. दोघांनी मिळून पाडलं.

३० जानेवारी, गुरुवार

डोकं फिरायची वेळ आली आहे. भरलेला माल उलून आला. दरजेच्या कडेने बारीक भेगा पडल्यात. बोटाने उचललं तर हातभर कांडीच हातात आली. शिवाय सगळ्या फरशीवर सिमेंटचे पांढरट डाग, ते घासून जात नाहीत. अंगण खरूज झाल्यासारखं दिसतं.

माझं नशीब बघा. मी कांडी हातात घेऊन उभा आणि नेमका त्याच वेळी धनाजी सायकलवरून गल्लीतून चाललेला. थांबला. फाटकाच्या आत पाय टाकला नाही. बाहेरूनच म्हणाला, "गुरुजी, आधी दरजेला पानी पाजा. सुकी फरशी मालातलं पानी वढून घेती. भरल्यावर वरनं वलं गोणपाट टाका, चार दिवस. आन् फरशी लगेच पुसा, माल वाळायच्या आत."

मी म्हणालो, "मला शिकवू नको."

तो गेला. तो वळणापार गेल्याचं मी आधी पाहिलं. मग गोणपाटं शोधायला गेलो. इरम्माला हाक मारली, गोणपाटं कुठं आहेत म्हणून.

९ फेब्रुवारी, रविवार

सगळं परत उकरलं, परत भरलं. आधी दरजेला पाणी पाजलं. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, म्हणून आंघोळीचं पाणीसुद्धा दरजांना दिलं. आज शेवटचं गोणपाट उचललं. दगडासारखं बसलंय. सुई शिरणार नाही. तीनशे नव्वद फूट, एकट्या माणसाने, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. फोटो काढून शिवानीला पाठवला. तिने विचारलं, "आई किती चालली?" अंगणाबद्दल एक अक्षर नाही.

आई चालली नाही, हेच तर. तिला वॉकर देऊन उंबऱ्यापर्यंत आणलं. म्हटलं, बघ, आता कुठं फट आहे का सांग. ती उंबऱ्यात उभी राहिली. म्हणालो, "चल." हलेना. म्हणालो, "चल की, तुझ्यासाठीच केलंय हे सगळं." तरी हलेना. मग माझा आवाज चढला. कुणाचाही चढेल. ती मागे फिरली आणि कॉटवर जाऊन बसली.

अठरा दिवस राहिले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाच दिवसांत एकूण सहा पावलं. तीही घरातल्या घरात. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला मी तिला उंबऱ्यात उभी करतो. पाढे म्हणून घ्यायचे तसं पावलं मोजतो, "एक म्हण. उचल पाय." चौथीची पोरं यापेक्षा लवकर शिकायची. मी पाय धरतो, मी वॉकर धरतो, मी औषध देतो, भाकऱ्या थापायला बाई मी लावली. आणखी काय करायचं माणसाने? तिला बरं व्हायचंच नाही असं मला वाटायला लागलंय. हे लिहिताना वाईट वाटतं, पण वाटतं ते खरं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जे पाहिलं ते लिहायला हात शिवशिवतोय.

शिवानी रजा घेऊन आली आहे. मी सकाळी तेरला गेलो होतो, एका जुन्या सहकाऱ्याच्या नातवाचं बारसं होतं. तिथं करमेना, म्हणून लवकर निघालो. फाटकाशी आलो तर बाईसाहेब अंगणाच्या मधोमध. वॉकर घेऊन चालत होत्या. शिवानी मागे, नुसती, हात न लावता. मायलेकी हसत होत्या. बेलाच्या कट्ट्यापर्यंत पोचल्या होत्या.

मी फाटकाची कडी काढली. त्या आवाजानेच इरम्मा थबकली. वॉकर वाजायला लागला. शिवानीने तिला धरलं नसतं तर पुन्हा तेच झालं असतं.

म्हणजे चालता येतं. मी नसलो की येतं. महिनाभर मी हातांची कातडी सोलून घेतली आणि हिचं नाटक चाललं होतं. मी म्हणालोच, "नाटक आहे हे सगळं."

शिवानी म्हणाली, "अप्पा, नाटक न्हाय. तुमच्या आवाजाला भिती ती."

"चाळीस वर्षं न्हाय भ्याली, आता भिती व्हय?"

"चाळीस वर्षं भितीच ती."

पोरीचं शिक्षण जास्त झालंय. मी जेवलो नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी इरम्मा स्वतः उठली. आपणहून. वाटीत पीठ-साखर घेतली, वॉकर घेतला, शिवानीला बरोबर घेतलं आणि बेलाकडे निघाली. मी पडवीत होतो. मी म्हणालो, "जपून." एवढंच म्हणालो. ठीक आहे, मोठ्याने म्हणालो. दोनदा म्हणालो.

ती पोचली. खाली वाकून बघत राहिली. दरज बंद. दहा-बारा मुंग्या सिमेंटवरून इकडून तिकडं फिरत होत्या, आत जायला वाट नाही. तिने वाटी परत शिवानीच्या हातात दिली. येताना एकेका पावलाला थांबत आली. कॉटवर आडवी झाली आणि भिंतीकडे वळली.

मुंग्यांसाठी एवढं? नवऱ्यासाठी एवढं हळहळताना मी हिला कधी पाहिलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस उठली नाही. पाय सुजलाय. गुडघा सरळ करायला गेलो तर कळवळली. शिवानीने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, हा आठवडा गेला तर पाय गेला. मला समोर बसवून शिवानीने ते दोनदा ऐकवलं.

मी भीत नाही कुणाला. पण आज दुपारी पडवीत बसलो असताना चहाची वेळ झाली आणि मी हाक मारली, आणि आतून कॉटची करकर ऐकू आली. सुजलेल्या पायाने ती उठायला बघत होती. मी आत धावलो. "उठू नको," म्हणून ओरडलो. ती घाबरून परत पडली.

काय करू मी?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज छिन्नी घेऊन बेलाजवळ बसलो आणि मीच भरलेली दरज मीच उकरायला घेतली. का, ते नीट सांगता येणार नाही. कुणी सांगितलं म्हणून नाही. मला दुसरं काही करता येत नाही म्हणून.

माल असा बसलाय की छिन्नी उडते. दोन तासांत चार बोटं. सगळं आयुष्य वाकडंतिकडं केलं आणि एकच काम नीट झालं, तर ते आता मोडायचं. संताप संताप झाला. फरशीचा कोपरा उडाला तेव्हा हातोडी भिंतीवर फेकून मारली.

फाटकात धनाजी उभा होता. कधीचा उभा होता कोण जाणे.

"गुरुजी, असं मारलं तर फरशी फुटंल. छिन्नी आडवी धरा." मग म्हणाला, "येऊ का आत?"

मी मान हलवली. तो आला. अर्ध्या तासात दोन फुटांची दरज खालच्या मुरमापर्यंत मोकळी केली, एक कड न दुखावता. जाताना खिडकीकडे बघून म्हणाला, "काकू, बगा, उघडी केली." आतून इरम्मा म्हणाली, "बस रे, च्या घेऊन जा." तो थांबला नाही. मी 'बस' म्हणायला पाहिजे होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी तिच्या कॉटशेजारी बसलो. म्हणालो, "दरज उघडली. पण सांगून ठेवतो, परत तिथंच अंगठा अडकला तर माझ्याकडे बघायचं नाही."

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "अंगठा न्हवता अडकला."

"मग?"

"कशातच न्हवता अडकला. मुंग्यास्नी घालत हुते. तुमची हाक आली. म्हटलं एवढं घालून जावं. दुसरी आली. तिसरी आली तवा आवाज चढलेला हुता. म्हटलं आता हे उठून येतील, चिडतील. म्हणून वाटी घेऊन पळाले. पळता पळता पडले."

"मग आजपर्यंत बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी सांगतच हुता सगळ्यास्नी."

मी उठून अंगणात आलो. मग परत आत गेलो. मग परत बाहेर. ओरडावं असं वाटत होतं, पण कुणावर ओरडायचं ते सापडेना. पाणी पाजून, मोजून, तीनशे नव्वद फूट दरजा मी दोनदा भरल्या, आणि त्यातल्या एकीनेही तिला पाडलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

स्टँडसमोरच्या हॉटेलात गेलो. धनाजी होता, तीच माणसं होती. मी उभ्यानेच म्हणालो, "धनाजीचं काम चांगलं होतं. दरजेमुळे ती पडली नाही."

एकाने विचारलं, "मग कशानं पडल्या गुरुजी?"

"माझ्यामुळे."

कुणी हसलं नाही. धनाजी म्हणाला, "बसा गुरुजी." मी बसलो. चहा घेतला. जीभ भाजली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

इरम्मा उठली. पाय अजून सुजलेला आहे. वाटी वॉकरच्या पिशवीत ठेवली. शिवानी एक फरशी मागे. इरम्मा मला म्हणाली, "तुमी पडवीत बसा." मी बसलो. पेपर घेतला नाही.

ती निघाली. मी पावलं मनात मोजत होतो, ओठसुद्धा हलवले नाहीत. हे तीनशे नव्वद फुटांपेक्षा अवघड आहे. वॉकरचा एक पाय तिरका पडला आणि माझ्या घशापर्यंत ओरड आली होती, ती गिळली. सातव्या फरशीवर ती थांबली आणि मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. पाय दुखत होता म्हणून नव्हे. मी काही बोलतोय का, ते बघत होती. चाळीस वर्षं ती असंच बघत आली असणार. पेपरच्या आडून मला कधी दिसलं नाही.

मी तोंड उघडलं नाही. बराच वेळ बघून तिची खात्री झाली, मग ती पुढे निघाली.